गोटीची फरशी

चष्मेवाल्या बाईंचे यजमान फरशा बसवायचे. गल्लीत त्यांच्यावर एक विनोद ठरलेला होता, की बाई लोकांना समोरचं दाखवतात आणि मिस्त्री पायाखालचं, मग ह्यांच्या घरात वर कोण बघतं? वर बघायला कुणालाच सवड नव्हती, हेच खरं. बाईंचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर चाकांची खुर्ची, काचा घासायचं यंत्र आणि काउंटरवर न नेलेल्या चष्म्यांचा ढीग. मिस्त्री सकाळी थापी, दोरी आणि लेव्हल घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी गुडघे पांढरे करून परत येत.

मिस्त्री बोलायला कंजूष. कौतुकाच्या बाबतीत तर त्यांनी तोंडात कायमची मिठाची गुळणी धरलेली. पण त्यांची एक रीत होती आणि ती हाताखालच्या सगळ्या माणसांना ठाऊक होती. फरशी बसली, सांधे भरून झाले, धुऊन वाळली, की मिस्त्री सगळ्यांना खोलीबाहेर काढत आणि स्वतः फरशीवर कुशीला आडवे होत. गाल जमिनीला टेकवून, दाराकडून येणाऱ्या उजेडात, फरशीच्या अंगावरून नजर फिरवत. एखाद्या फरशीची कड नखाएवढी वर असली तरी तिची सावली पडते, ती उभ्या माणसाला दिसत नाही. तशी दिसली तर पडल्या पडल्या अंगठ्याने दाखवायचे. सगळंच काम फसलेलं असेल तर लगेच उठून गुडघे झटकायचे, आणि मग त्या दिवशी कुणी त्यांच्या वाटेला जायचं नाही. पण काम मनासारखं झालं असेल तर मिस्त्री उठायचेच नाहीत. तसेच पडून राहायचे, डोळे मिटून. एकदा एका घरमालकिणीला वाटलं ह्यांना भोवळ आली, तिने तोंडावर पाणी मारलं. तेव्हापासून माणसं आधीच सांगून ठेवत, घाबरू नका, मिस्त्री झोपले म्हणजे फरशी पास.

त्यांची एकुलती एक मुलगी ह्या रीतीतच वाढली. लहानपणी ती बापाबरोबर कामावर जायची आणि नव्या फरशीवर काचेची गोटी सोडून बघायची. बैठकीच्या खोलीत गोटी जागची हलता कामा नये आणि मोरीत ती सरळ जाळीकडे धावली पाहिजे, एवढं शास्त्र तिला अक्षरं यायच्या आधी येत होतं. म्हणून तिचं नाव गोटी पडलं, आणि ती चांगली बापाएवढी उंच झाली, लग्न झालं, तरी ते काही सुटलं नाही. तिने बापाचाच धंदा घेतला. बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मग एक दिवस म्हणाली, मी आता माझी कामं घेते. मिस्त्री म्हणाले, "घे." एवढंच. तो आशीर्वाद होता की राग, ह्यावर मायलेकींनी फोनवर पुष्कळ डोकेफोड केली.

नंतर गोटीने स्वतःचं घर घेतलं आणि त्याची फरशी स्वतः बसवली. दिवसभर लोकांची कामं करायची आणि संध्याकाळी आपल्या घरात गुडघ्यावर बसायचं. राखाडी आणि विटकरी, लहान चौकोनी फरशा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पूर्ण झाल्यावर तिने आईबापांना बोलावलं. तसं चहाला या म्हणाली, पण बोलावणं कशाचं होतं ते तिघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी जे झालं ते चष्मेवाल्या बाईंना पुढे कितीतरी दिवस खात राहिलं. मिस्त्री दारात उभे राहिले ते मान ताठ करून, गळ्यात कुणी हार घालणार असल्यासारखे. आत आले ते भिंतीकडे बघत. खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते विचारलं, रंग कुणी दिला ते विचारलं. चहा घेतला, अर्धा शर्टावर सांडला. फरशीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. आडवं होणं तर लांबच. गोटी कपबशा उचलायच्या निमित्ताने आत-बाहेर करत होती आणि दर फेरीला बापाच्या तोंडाकडे बघत होती. निघायला म्हणून मिस्त्री उठले आणि एकदम मागच्या मागे पडले, तोडलेलं झाड पडावं तसे. गोटी धावली. दोघींनी मिळून उभं केलं. लागलं काहीच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "घसरलो."

फरशी बसवणाऱ्या मुलीला तिच्या स्वतःच्या फरशीवर उभं राहून बाप म्हणतो, घसरलो. गोटीचा चेहरा पांढरा पडला. दार लावताना ती हसली, पण ते हसू बाईंना बघवेना.

परत येताना बाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं. लेकीचं काम बघवत नाही का, एक शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का, आयुष्यभर लोकांच्या मोऱ्यांत गाल टेकवलात आणि पोरीच्या घरात नाक वर? मिस्त्रींच्या तोंडावर हल्ली एक सदाचा आश्चर्याचा भाव असायचा, डोळे मोठे, भुवया चढलेल्या. बाईंना त्या दिवशी तो मस्तवालपणा वाटला. त्यानंतर गोटीचे फोन आखूड झाले. बरी आहे, काम आहे, ठेवते. बापाची चौकशी ती करायची नाही असं नाही, करायची, पण शेजारच्यांची करावी तशी.

घरात मिस्त्रींचा वेंधळेपणा वाढत चालला होता. ताटलीतलं कालवण शर्टावर, पायरी चुकायची, चपलेत पाय जायला वेळ लागायचा. कामावरही ते जाईनासे झाले, गुडघे दुखतात म्हणून. चष्मेवाल्या बाईंनी आपल्या धंद्याप्रमाणे विचार केला: ह्यांचे डोळे तपासले पाहिजेत. खुर्चीत बसवलं, तक्ता वाचायला लावला. मिस्त्रींनी धडाधडा सगळ्या ओळी वाचल्या, शेवटची मुंगीएवढी ओळ वाचली आणि तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. बाईंना हायसं वाटलं आणि त्याहून जास्त रागही आला. डोळे ठणठणीत आहेत, म्हणजे हा सगळा निष्काळजीपणा. भिंतीवरचा तक्ता डोळ्यांच्या समोर असतो, पायाशी नसतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. उभा जन्म त्या तक्त्यावर विश्वास ठेवण्यात गेलेला, त्यांच्या तरी कशी येणार?

तरी बायकोचा जीव. जवळचं दिसायला त्यांनी नवऱ्याला दोन भागांचा चष्मा करून दिला, वरून लांबचं आणि खालच्या तुकड्यातून जवळचं. मिस्त्रींनी तो निमूट घातला आणि बरा आहे म्हणाले. कालवण शर्टावर सांडतच राहिलं. बाईंनी खालचा तुकडा मोठा केला. मग आणखी मोठा केला.

तिसऱ्या खेपेला त्या माप घ्यायला बसल्या. खालच्या तुकड्याची उंची ठरवताना चष्मेवाला स्वतः ठेंगण्या स्टुलावर बसतो आणि गिऱ्हाइकाला आपल्या हनुवटीकडे बघायला सांगतो, मग काचेवर खूण करतो. बाईंनी हे हजारो माणसांना सांगितलं असेल. नवऱ्याला म्हणाल्या, माझ्या हनुवटीकडे बघा. मिस्त्री त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले.

"बघा ना."

"बघतोय."

"कुठे बघताय? माझ्या हनुवटीकडे बघा."

"बघतोय गं," मिस्त्री म्हणाले, आणि बाईंना दिसलं की त्यांच्या कपाळावर घाम आलाय. हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले, जड काही उचलत असल्यासारखे. आणि बुबुळं जागची हलत नव्हती. बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. त्यांनी विचारलं, असं कधीपासून? मिस्त्री म्हणाले, बरेच दिवस झाले, मला वाटलं मान आखडली, तुला उगाच घोर कशाला.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयाने गोटीएवढ्याच होत्या. त्यांनी मिस्त्रींना चालायला लावलं, उभं करून मागून हलकेच ओढलं आणि पडता पडता सावरलं. मग समोर बोट धरून ते डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डोळे बोटामागून गेले, थोडे सावकाश, पण गेले. बोट वर गेलं, डोळे गेले नाहीत. खाली गेलं, डोळे गेले नाहीत. मग डॉक्टरीणबाईंनी एक वेगळीच गोष्ट केली. काका, माझ्या नाकाकडे बघत राहा, म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून हळूच मागे कलतं केलं. आणि बुबुळं सुरळीत खाली आली.

चष्मेवाल्या बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. डोळा खाली जातो की! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, डोळा जातो. डोळ्याचं काही बिघडलेलं नाही. खाली बघ, हा हुकूम जिथून सुटतो, तिथे अडचण आहे.

मग त्यांनी कागदावर एक लांबोडकी आकृती काढली आणि समजावून सांगायला बसल्या. मेंदूच्या पेशीला लांब शेपूट असते, तिच्यातून बारीक नळ्या जातात. पेशीला लागणारं सामान ह्या नळ्यांवरून ये-जा करतं. नळ्या सरळ आणि घट्ट राहाव्यात म्हणून टाऊ नावाचं एक प्रथिन त्यांना धरून असतं. काही माणसांत हे टाऊ आपला धड आकार सोडतं, चुकीचं दुमडतं. मग ते नळ्यांना सोडून देतं आणि आपसात चिकटून त्याच्या गाठी होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एवढ्यावर ते थांबत नाही. बिघडलेल्या टाऊशेजारी चांगलं टाऊ आलं की तेही तसंच दुमडायला लागतं, मग पुढच्या पेशीतलं, मग त्याच्या पुढच्या. ह्या आजारात हे खोल आत, मेंदूच्या देठापाशी सुरू होतं, आणि वर-खाली बघायचा हुकूम नेमका तिथूनच निघतो. तोल सांभाळायचं कामही त्याच वस्तीतलं. म्हणून काका मागे पडतात. म्हणून चेहरा असा दिसतो.

बाईंनी मान डोलावली, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. शिरलं मिस्त्रींच्या. ते सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, "पहिली फरशी फिरली, की तिच्या कडेने लावलेली दुसरीही फिरते. कुणी वाईट बसवत नाही. शेजारणीची कड धरूनच बसवायची असते."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, काका, मी हेच उद्यापासून सगळ्यांना सांगणार. मिस्त्रींनी विचारलं, मग काढून परत बसवता येते का? डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. आज तरी असं औषध नाही, म्हणाल्या, शोधतायत. पण व्यायाम आहेत, घास गिळताना घ्यायची काळजी आहे, पडू नये म्हणून उपाय आहेत, ते सगळं करू. डावी-उजवीकडची नजर अजून चांगली आहे, ती बरीच टिकेल. बाईंनी विचारलं, हे कशाने झालं? सिमेंटच्या धुळीने? माझ्या कटकटीने? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशाने होतं ते नीट कळलेलं नाही, पण कटकटीने नक्की होत नाही. तेवढं एक ओझं तरी उतरलं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोघं बसली. रिक्षा मिळायची होती. मिस्त्री समोरच्या भिंतीकडे बघत होते, दुसरीकडे कुठे बघणार? मग म्हणाले, "गोटीची फरशी मला दिसलीच नाही."

बाईंना एकदम सगळं दिसलं. दारातली ती ताठ मान, ती खिडकीची चौकशी, गोटीच्या आत-बाहेर फेऱ्या. आपण वाटेत काय काय बोललो तेही आठवलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि फोन काढला, आत्ताच्या आत्ता तिला सांगते म्हणाल्या. मिस्त्रींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आधी मला बघू दे. मग सांग."

"अहो, पण तिला काय वाटत असेल इतके दिवस?"

"आजार आधी कळला, तर मी चांगली म्हटलं तरी तिला खरं वाटायचं नाही. बाबा आजारी आहे म्हणून म्हणाला, असं होईल. मला बघू दे. वाईट असेल तर वाईट म्हणेन."

नवरा एका दमात एवढं बोललेला बाईंनी लग्नापासून ऐकलं नव्हतं. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

आता चष्मेवाल्या बाई कामाला लागल्या. ही गोष्ट त्यांच्या हातातली होती. तिरपी काच उजेडाला वाकवते, हे त्या कोवळ्या वयात शिकल्या होत्या. काचेची जाड बाजू खाली ठेवली की पायाशी असलेली वस्तू वर उचलल्यासारखी समोर दिसते. डोळा खाली जात नाही ना, मग खालचं वर आणायचं. त्यांनी जाडजूड तिरप्या काचा मागवल्या, घासल्या, जुन्या भक्कम फ्रेममध्ये बसवल्या. चष्मा असा झाला की गल्लीतल्या कुणी बघितला असता तर पोट धरधरून हसलं असतं. बाईंनी तो नवऱ्याच्या नाकावर चढवला आणि समोर ताटली ठेवली. मिस्त्रींनी हात नेमका घासाकडे नेला, नेमका तोंडाकडे आणला. शर्टावर एक थेंब नाही. दोघं एकमेकांकडे बघत हसली, म्हणजे बाई हसल्या आणि मिस्त्रींच्या घशातून आवाज आला, चेहऱ्याला हल्ली हसणं जमत नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं.

चष्मा घालून चालायचं मात्र नाही, तोल जाईल. म्हणून दुकानातली चाकांची खुर्ची बरोबर घ्यायची ठरली. बाईंनी गोटीला फोन केला आणि येतोय म्हणाल्या. गोटी म्हणाली, या.

तिने दार उघडलं. जावई कामाला गेला होता. आई, बाप, चाकांची खुर्ची आणि बापाच्या नाकावरचं ते यंत्र बघून ती बाजूला झाली. हे काय नवीन, असं तिच्या ओठावर आलेलं दिसलं, पण विचारलं नाही तिने. बाईच म्हणाल्या, गुडघे दुखतात ह्यांचे. आणि हा चष्मा नवीन केलाय. गोटी बरं म्हणाली आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

बाईंनी खुर्ची ढकलायला सुरुवात केली. दारापासून खिडकीपर्यंत, मग भिंतीच्या कडेने, फरशीच्या ओळी धरून, अगदी सावकाश. मिस्त्रींचे हात मांडीवर होते. बाईंना मागून त्यांचा फक्त टाळूवरचा भाग दिसत होता. त्यांच्या मनात आलं, आता बोलतील. खिडकीपाशी मिस्त्रींनी हात वर केला. खुर्ची थांबली.

"सांधे वाकलेत," मिस्त्री म्हणाले.

गोटीने घडी सोडली. "कुठले?"

"सगळे. कडेला जास्त."

गोटी म्हणाली, "बाबा, दोरी धरून बसवलीय मी. प्रत्येक ओळीला दोरी धरली. तुम्हाला आवडली नसेल तर आवडली नाही म्हणा. त्या दिवशी बघितलीसुद्धा नाहीत, तेही चाललं मला. पण वाकडी म्हणू नका."

तिचा आवाज शेवटी चिरला. बाई खुर्ची तशीच सोडून पुढे आल्या आणि खाली बघितलं. सांधे सरळ होते. पट्टीने रेघ मारावी इतके सरळ होते. मग त्यांनी नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला, आणि सगळी फरशी झोळीसारखी मधे लवली, दोन्ही कडांना वर आली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. जाड तिरप्या काचेतून सरळ रेघ वाकडी दिसते, हे पहिल्या वर्षाचं ज्ञान. पण त्यांनी चष्मा तपासला होता ताटलीवर, आणि गोल ताटलीत वाकडं काय दिसणार?

"फरशी वाकडी नाही गं," त्या म्हणाल्या, "काच वाकडी आहे. मी केलेली काच." आणि मग सांगू नको म्हटलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. डोळे खाली जात नाहीत, त्या दिवशीही जात नव्हते, घसरले नाहीत, पडले, आजार आहे, त्याचं नाव मोठं आहे, मेंदूत एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्याला बिघडवतं, औषध नाही. क्रम सगळा उलटसुलट झाला. बोलता बोलता त्या रडायला लागल्या आणि रडता रडता त्यांना नवऱ्याची भीती वाटली, कारण त्याने एकच गोष्ट मागितली होती आणि तीसुद्धा आपल्याला सांभाळता आली नाही.

गोटी हळूहळू खाली बसली, तिथेच, फरशीवर. बापाच्या पायाशी. मिस्त्रींना ती दिसेनाशी झाली. ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "कुठे गेली?"

"इथे आहे बाबा." तिने त्यांचा गुडघा धरला.

"त्या दिवशी दिसली नाही मला. बघायची होती."

गोटीने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं. तिचे खांदे हलत होते. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मिस्त्री म्हणाले, "झोपव मला."

बाईंना वाटलं, दमले. साहजिक होतं, एवढा प्रवास, एवढी रडारड. त्या डोळे पुसत आतल्या खोलीकडे निघाल्या, पलंगावरची चादर नीट करायला. गोटीने मान वर केली.

"पलंगावर नाही, आई."

ती उठली, बापाच्या मागे गेली, त्यांच्या काखेतून हात घातले. बाईंना कळायला क्षणभर लागला, मग त्यांनी धावत येऊन गुडघे धरले. दोघींनी मिळून मिस्त्रींना खुर्चीतून उचललं, आधी बसवलं, मग कुशीला वळवलं. शरीर लाकडासारखं झालेलं, पण गाल फरशीला टेकला आणि खांदा एकदम सैल पडला. गोटी उठून खिडकीसमोरून बाजूला झाली, उजेड अडू नये म्हणून.

चष्मेवाल्या बाई त्यांच्या तोंडासमोर गुडघ्यावर बसल्या आणि वाकून डोळ्यांत बघितलं. सवयीने, गिऱ्हाइकाच्या बघतात तसं. मिस्त्रींचे डोळे चालत होते. जवळच्या सांध्यावरून निघाले, सावकाश समोरच्या भिंतीपर्यंत गेले, आणि मग कुशीच्या बाजूने खाली फरशीवर उतरून परत आले. डॉक्टरीणबाईंनी काय म्हटलं होतं? डावी-उजवीकडची नजर चांगली आहे, टिकेल. आडव्या पडलेल्या माणसाला जमीन खाली नसतेच, बाजूला असते. आपण काचा मागवल्या, घासल्या, पैलू पाडले, आणि ह्या माणसाला नुसतं त्याच्या नेहमीच्या जागी ठेवायचं होतं. बाईंना हसू आलं आणि ते हुंदक्यासारखं बाहेर पडलं.

मिस्त्री बघत होते. ओळीमागून ओळ. घाई नव्हती त्यांना. स्वयंपाकघराच्या दाराशी नजर थांबली, आणि अंगाखालून हात सोडवून त्यांनी अंगठा तिकडे केला.

"ती. उंबऱ्यापाशी. विटकरी. कड वर आहे."

गोटीने तिकडे बघितलंही नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. रडत होती आणि तोंडभर हसत होती. "मला वाटलं होतं तुम्हाला दिसणार नाही."

"काढ उद्या ती."

"काढते."

मग मिस्त्री तसेच पडून राहिले. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर लांबवर पसरला होता आणि त्यात दुसरी कुठलीही सावली नव्हती. बाईंना त्यांच्या अंगाची काळजी वाटायला लागली. जमीन थंड, हाडं म्हातारी. त्यांनी खाली वाकून विचारलं, "उठवू का आता?"

"थांब जरा," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

गोटी उभी होती ती तशीच उभी राहिली. कितीतरी घरांच्या दारांबाहेर ती ह्या गोष्टीची वाट बघत मोठी झाली होती, दुसऱ्यांच्या फरशांसाठी. मग ती आली, बापाच्या समोर कुशीला आडवी झाली, गाल जमिनीला टेकवला, नाकाला नाक लागेल एवढ्या जवळ. मिस्त्रींनी डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी मुलीचा चेहरा त्यांच्या नजरेच्या बरोबर समोर होता, ना वर ना खाली, आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

चष्मेवाल्या बाईंनी तो जाड चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला. जेवायच्या वेळी लागणार होता. चाकांची खुर्ची भिंतीशी सरकवली, पदर सावरला आणि त्या दोघांच्या बाजूला जागा बघून त्याही हळूच आडव्या झाल्या.